लांडगा शिकवायचा तर पूर्ण शिकवा

आठवी-नववीच्या वर्गातील मुलांना लांडग्याचे चित्र काढायला सांगितले, तर बहुतेक वह्यांवर दाट राखाडी केसांचा, बर्फाळ कड्यावर उभा राहून चंद्राकडे तोंड करून लांब हेल काढणारा प्राणी उमटेल, असे मला वाटते. जगाच्या उत्तर भागात असे लांडगे आहेत. चंद्राचा मात्र त्यांच्या ओरडण्याशी संबंध नाही. विखुरलेल्या कळपाला एकत्र आणण्यासाठी आणि शेजारच्या कळपाला दूर ठेवण्यासाठी ते ओरडतात, मग रात्र अमावास्येची असो की पौर्णिमेची. परंतु सोलापूर, अहिल्यानगर किंवा पुणे जिल्ह्याच्या कोरड्या माळरानांवर राहणारा लांडगा या चित्रात कुठेच सापडत नाही. तो सडपातळ, उंच पायांचा, आखूड केसांचा आणि वाळलेल्या गवताच्या रंगाचा असतो. वजन साधारण वीस किलोच्या आसपास भरते. आपल्याच जिल्ह्यात हा प्राणी राहतो, हे शहरातल्या मुलांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. उलट ज्या मुलांच्या घरी मेंढ्या आहेत, त्यांना तो नीट ठाऊक असतो, पण त्यांच्या त्या जाणिवेला शाळेत कोणी ज्ञान मानत नाही.

वन्यप्राण्यांविषयी मुलांच्या मनात असलेली भीती किंवा तिटकारा यांवर आपल्याकडे एक उपाय ठरलेला आहे. मुलांना माहिती नाही म्हणून ती घाबरतात, तेव्हा त्यांना माहिती द्यावी, म्हणजे भीती जाईल आणि प्रेम उत्पन्न होईल, असा तो विचार. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात साजरा होणारा वन्यजीव सप्ताह, त्यातील भित्तिचित्रे, प्रश्नमंजूषा आणि घोषणा याच विचारावर उभ्या आहेत. त्यामागची तळमळ खरी आहे, पण लांडग्याच्या बाबतीत हा उपाय अपुरा पडतो आणि काही वेळा नुकसानही करतो, असे माझे मत आहे. विद्यार्थ्याला लांडगा आवडावा हे शाळेचे उद्दिष्ट असू नये. लांडग्याविषयी जे सिद्ध आहे ते सगळे, म्हणजे त्याने केलेल्या नुकसानीसकट, त्याच्यासमोर ठेवावे आणि मत त्याचे त्याला बनवू द्यावे.

आधी थोडे ज्ञानाविषयी, कारण ते खरोखरच तोकडे आहे. भारतीय लांडग्यांची संख्या सुमारे तीन हजार असल्याचा अंदाज आहे. २०२२ च्या व्याघ्रगणनेत वाघांची संख्या ३६८२ असल्याचा अंदाज निघाला होता. म्हणजे ज्या प्राण्यासाठी देशभर राखीव क्षेत्रे, स्वतंत्र प्राधिकरण आणि दर चार वर्षांनी मोजणी आहे, त्याच्यापेक्षाही लांडगा संख्येने कमी असण्याची शक्यता आहे. कायद्याने त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्याच पंक्तीत, स्थान दिले आहे. गेल्या दोन दशकांतील जनुकीय अभ्यासांनी असेही दाखवले आहे की भारतीय लांडग्याचा वंश आज जिवंत असलेल्या लांडग्यांच्या वंशांपैकी अतिप्राचीन वंशांत मोडतो. या तीनही गोष्टी एका तासात सांगून होण्यासारख्या आहेत. त्यांच्या जोडीने इतिहासाच्या तासाला हेही सांगता येईल की ब्रिटिश राजवटीत लांडगा मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळत असे आणि इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. ज्याला मारल्याबद्दल सरकार पैसे देत होते, त्यालाच पुढच्या अर्धशतकात सरकारने संरक्षण दिले. एखाद्या प्राण्याविषयीचा समाजाचा दृष्टिकोन निसर्गदत्त नसतो, तो घडवला जातो आणि बदलतो, हे विद्यार्थ्याला समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

आता ज्ञान वाढले की आपुलकी वाढते का, या मूळ प्रश्नाकडे येतो. स्वीडनमध्ये लांडगे परत आल्यानंतर गोरान एरिक्सन आणि थॉमस हेबरलाइन या संशोधकांनी तेथील लोकांच्या दृष्टिकोनाचा अभ्यास केला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. लांडग्यांविषयी सर्वांत अचूक माहिती त्यांना लांडग्यांच्या प्रदेशात राहणाऱ्या शिकाऱ्यांकडे आढळली आणि लांडग्यांविषयी सर्वांत प्रतिकूल मतही त्याच शिकाऱ्यांचे होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात त्याच त्या व्यक्तींना काही वर्षांच्या अंतराने पुन्हा प्रश्न विचारून झालेल्या अभ्यासात, लांडग्यांची संख्या वाढत गेली तशी लोकांची सहनशीलता कमी झाल्याचे दिसले. याचा अर्थ शिक्षण निरुपयोगी आहे असा होत नाही. शाळकरी मुलांच्या अनेक पाहण्यांत माहिती आणि अनुकूल मत यांचा काही प्रमाणात मेळ दिसतो, हेही खरे आहे. पण ही मुले बहुधा लांडग्यापासून दूर राहणारी असतात. ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही, त्याचे मत एका तक्त्यानेही बदलू शकते. ज्याच्या घरची मेंढी गेली आहे त्याचे बदलत नाही, आणि ते न बदलण्याला अज्ञान म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

दुसरा धोका मला अधिक गंभीर वाटतो. लांडग्याची जुनी बदनामी पुसण्याच्या उत्साहात त्याच्याविषयी नव्या दंतकथा शिकवल्या जातात आणि त्या विज्ञानाच्या नावाने येत असल्यामुळे त्यांची शंका कोणी घेत नाही. कळपातील लांडगे सतत एकमेकांशी झुंजतात आणि सर्वांत बलवान नर ‘अल्फा’ म्हणून राज्य करतो, ही कल्पना आज मोबाइल हाती असलेल्या जवळपास प्रत्येक मुलाला माहीत आहे. माणसांनी कसे वागावे याचे सल्लेही तिच्या आधारे दिले जातात. तिचे मूळ प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवरच्या निरीक्षणांत आहे. तेथे एकमेकांशी नाते नसलेले प्राणी एका कुंपणात कोंडलेले होते. लांडग्यांचे ज्येष्ठ अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकातून हीच कल्पना पुढे नेली, पण नंतर मोकळ्या रानातील कळपांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केल्यावर १९९९ च्या लेखात तिच्यातील दोष त्यांनी स्वतःच दाखवून दिला. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक जोडपे आणि त्यांची एक-दोन वर्षांतली पिले असतात; त्यांतले पुढारी म्हणजे आईबाप. शास्त्रज्ञ नव्या पुराव्यापुढे आपले मत कसे बदलतो, याचा हा धडा विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात असायला हवा. त्याऐवजी मुलांपर्यंत पोहोचते ती फक्त जुनी कल्पना.

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची कथाही अशीच. तेथील लांडगे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संपवले गेले होते. १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले गेले. त्यानंतर एल्क हरणांची संख्या घटली, काही ठिकाणी झाडोरा पुन्हा वाढला, आणि लांडग्यांनी नद्यांचे प्रवाहसुद्धा बदलले अशी एक सुंदर कथा जगभर पसरली. प्रत्यक्षात एल्क कमी होण्यात माणसांनी केलेली शिकार, अस्वले, पुमा आणि हवामान यांचाही वाटा होता, आणि ओढ्याकाठच्या विलोच्या झाडीवर दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या प्रयोगात असे आढळले की लांडगे परतले तरी ती झाडी पूर्वस्थितीला आलेली नाही. ओढ्यांवर बांध घालून पाणी अडवणारे बीव्हर हे प्राणी गेल्यामुळे खालावलेली पाण्याची पातळी हे त्यामागचे मोठे कारण होते. लांडग्याला परिसंस्थेत महत्त्व आहे, यात वाद नाही. पण लांडगा हा एकटाच उजाड प्रदेश सावरणारा तारणहार आहे असे शिकलेला विद्यार्थी पुढे कधीतरी खरे संशोधन वाचेल, तेव्हा त्याचा विश्वास लांडग्यावरून नव्हे, शिकवणाऱ्यावरून उडेल.

आणि आता सर्वांत अवघड भाग. लांडगा माणसावर हल्ला करत नाही, असे वाक्य अनेक जनजागृती कार्यक्रमांत सहज उच्चारले जाते. ते भारतात तरी उच्चारू नये. १९९३ ते १९९५ या काळात तेव्हाच्या बिहारमधील हजारीबाग परिसरात, आणि १९९६ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात लांडग्यांनी लहान मुले उचलून नेल्याच्या घटना घडल्या. पूर्व उत्तर प्रदेशातील घटनांचा अभ्यास दिनेशकुमार शर्मा आणि यादवेंद्रदेव झाला या संशोधकांनी केला, त्यानुसार दहा वर्षांखालील ७६ मुले मृत्युमुखी पडली किंवा गंभीर जखमी झाली. २०२४ मध्ये बहराइच जिल्ह्यात पुन्हा मुलांचे बळी गेले. हे नाकारणे म्हणजे त्या आईबापांचे दुःख नाकारणे होय. वर्गात हे सांगितले तर मुले घाबरतील अशी शिक्षकांना काळजी वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण मुलांच्या हाती बातम्या आणि चित्रफिती आधीच आहेत. शाळा गप्प बसली तर त्या चित्रफितीच शिक्षक होतात.

शाळेने येथे जे करायचे ते म्हणजे ही भीती मापात आणणे. नॉर्वेच्या निसर्ग संशोधन संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २००२ ते २०२० या काळातील जगभरच्या उपलब्ध नोंदी तपासल्या आहेत. त्यांत लांडग्याच्या हल्ल्याला बळी पडलेल्या ४८९ व्यक्ती आढळल्या आणि त्यांपैकी २६ जणांचा मृत्यू झाला. ४८९ पैकी ३८० जणांवर हल्ला करणारे लांडगे रेबीजग्रस्त होते. हे आकडे फळ्यावर मांडून सातवी-आठवीच्या मुलांकडून टक्केवारी काढून घेता येईल, आणि तिच्या पाठोपाठ पुढचे प्रश्न आपोआप येतील. रेबीज कुठून येतो? आपल्या देशात तो मुख्यतः कुत्र्यांमुळे पसरतो. मोकाट कुत्र्यांचे लसीकरण हा लांडगा आणि माणूस या दोघांच्याही संरक्षणाचा भाग आहे. मुलांना उचलून नेण्याच्या घटना विशिष्ट भागात, विशिष्ट काळातच का होतात? जिथे रानातले भक्ष्य संपलेले असते आणि जिथे घराला दार नसल्याने किंवा उकाड्यामुळे लहान मुले उघड्यावर झोपतात, तिथे हा धोका वाढतो. म्हणजे हा प्रश्न लांडग्याच्या स्वभावाइतकाच गरिबीचा आहे. महाराष्ट्रातल्या माळरानांवर मेंढपाळांची कुटुंबे वर्षानुवर्षे लांडग्यांच्या शेजारी उघड्यावर मुक्काम करत आली आहेत, हे याच तासाला सांगायचे. आकडा आणि कारण समजलेल्या मुलाची भीती नाहीशी होईल असे नाही, पण तिला आकार येईल: पिसाळल्यासारखा वागणारा प्राणी दिसला तर काय करायचे, चावा झाल्यास जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब लस का घ्यायची, हे त्याला कळेल. लांडग्यावरच्या धड्यातून एखाद्या मुलाचा जीव वाचू शकतो तो इथे.

या सगळ्या चर्चेत जो विद्यार्थी कधीच दिसत नाही, त्याच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. धनगर कुटुंबांतील अनेक मुले वर्षातील काही महिने मेंढरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे फिरत्या मुक्कामाबरोबर, फिरतात आणि शाळेच्या हजेरीपटावर अनियमित ठरतात. याच मुलांना लांडग्याचा माग कुत्र्याच्या मागापासून वेगळा ओळखता येतो, तो कोणत्या वेळी येतो, वारा कोणत्या बाजूचा असेल तर कुत्र्यांना त्याचा सुगावा लागत नाही, कळपातली कोणती मेंढी मागे राहते, हे ठाऊक असते. लांडगा मेंढरे नेतो हा त्यांच्यासाठी घरखर्चाचा प्रश्न आहे. पशुधनाच्या नुकसानीबद्दल राज्य सरकारची भरपाई योजना आहे आणि तिच्या यादीत लांडगाही आहे. पण मुदतीत कळवणे, पंचनामा, कागदपत्रे आणि बँकेचे खाते या वाटेने आज इथे तर उद्या तिथे मुक्काम असलेल्या माणसाने जायचे कसे, हा प्रश्न उरतोच. अशा घरातील मुलासमोर उभे राहून ‘लांडगा आपला मित्र’ अशी घोषणा द्यायला लावणे मला क्रूर वाटते. त्याच्या घरच्या अनुभवाला वर्गात जागा मिळाली, तर शहरी मुलाला कळेल की संरक्षणाची किंमत कोणीतरी मोजत असते आणि ती मोजणारा बहुधा सर्वांत कमी ऐपतीचा असतो. धनगरांच्या मुलालाही कळेल की आपल्याला जे माहीत आहे ते ज्ञान आहे.

गोष्टींविषयीही एक शब्द, कारण मुलांच्या मनातील लांडग्याबद्दलचा पहिला दोष नेहमी गोष्टींवर ढकलला जातो. ‘लांडगा आला रे आला’ ऐकवू नका, असे काही जण सुचवतात. ते मला पटत नाही. ती गोष्ट खोटे बोलणाऱ्या मुलाची आहे आणि ज्या समाजाने ती सांगितली त्याच्या मेंढ्या खरोखरच लांडगे नेत होते. गोष्ट राहू द्यावी, शेजारी प्राणी उभा करावा. मुले दोन्हींतला फरक आपल्याला वाटतो त्यापेक्षा लवकर ओळखतात.

ज्ञानातील सर्वांत मोठी पोकळी मला लांडग्याविषयी दिसत नाही, त्याच्या घराविषयी दिसते. भारतीय लांडगा बहुतांशी संरक्षित जंगलांच्या बाहेर, माळरानांवर, झुडपी प्रदेशात आणि शेतांच्या कडेने राहतो. एका कळपाला वावरण्यासाठी दीड-दोनशे चौरस किलोमीटरचा प्रदेश लागू शकतो. रेहेकुरी किंवा मयूरेश्वर यांसारखी छोटी अभयारण्ये त्याला पुरणारी नाहीत. भूगोलात मुले सॅव्हाना आणि प्रेअरी शिकतात, परंतु गावाबाहेरचे स्वतःचे माळरान मात्र त्यांना पडीक जमीन म्हणून ओळखायला शिकवले जाते, कारण सरकारी नोंदींतही अशा बऱ्याच जमिनीची गणना तशीच होत आली आहे. पडीक म्हटले की ती भरून काढणे हे सत्कार्य ठरते. मग पावसाळ्यात शाळा पर्यावरणाचे काम म्हणून मुलांना माळावर नेतात, खड्डे खोदतात आणि झाडे लावतात. जिथे मुळात जंगल नव्हते, जिथे गवतावर काळवीट, चिंकारा, ससे, माळढोक आणि लांडगा जगत आले, तिथे रोपे लावून आपण त्या प्राण्यांची जागा कमी करतो आणि हे करताना आपण निसर्गाचे भले करत आहोत अशी मुलांची प्रामाणिक समजूत असते. लांडग्याविषयी कितीही प्रेम उत्पन्न केले आणि त्याच मुलांच्या हातात माळावर लावण्यासाठी ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाचे रोप दिले, तर त्या प्रेमाचा लांडग्याला काय उपयोग?

माळरानाचा धडा असेल तर त्यात लांडग्यावरची आजची संकटेही आपोआप येतात. रस्ते, वसाहती आणि कारखाने माळ गिळत आहेत. मोकाट कुत्र्यांकडून रेबीज आणि डिस्टेंपर यांसारखे रोग लांडग्यांपर्यंत पोहोचतात, आणि पुणे जिल्ह्यात लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत सिद्ध झाले आहे. ज्या प्राण्याचा वंश इतका जुना, तो गोळीने न मरता मिसळून नाहीसा होऊ शकतो, ही गोष्ट दहावीच्या आनुवंशिकतेच्या प्रकरणात कुठल्याही परदेशी उदाहरणापेक्षा चांगली बसेल.

विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन मोजणाऱ्या पाहण्यांबद्दलही माझी एक तक्रार आहे. ‘तुम्हाला लांडगा आवडतो का’, ‘लांडग्याची भीती वाटते का’ अशा प्रश्नांची उत्तरे कार्यक्रमाआधी आणि नंतर घेऊन फरक दाखवला जातो आणि उपक्रम यशस्वी ठरवला जातो. कार्यक्रमानंतर लगेच मिळालेले उत्तर बहुतेक वेळा शिक्षकाला काय हवे आहे याचे असते. त्याऐवजी मुलांना परिस्थिती द्यावी: तुमच्या गावात एका रात्रीत चार मेंढ्या गेल्या, गावकरी हिवाळ्यात पिले असलेले बीळ बुजवायला निघाले आहेत, वनरक्षक दुसऱ्या दिवशी येणार आहे, कोणाचे काय म्हणणे असेल, काय करता येईल, त्याचा खर्च कोण देईल? या प्रश्नाच्या उत्तरात जनावर ओळखता येते की नाही, कायदा ठाऊक आहे की नाही, दुसऱ्याच्या नुकसानीचा विचार होतो की नाही, हे सगळे दिसते. त्यात लांडगा न आवडणाऱ्या मुलालाही पूर्ण गुण मिळू शकतात, आणि तसे मिळालेच पाहिजेत.

शिक्षकांची हरकत मला माहीत आहे: अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे. त्यासाठी नवा विषय नको. भूगोलातील गवताळ प्रदेश, विज्ञानातील अन्नजाळे आणि आनुवंशिकता, गणितातील शेकडेवारी, इतिहासातील ब्रिटिश राजवट आणि नागरिकशास्त्रातील कायदा या प्रकरणांत उदाहरण बदलले तरी पुरे. माळरानाच्या जिल्ह्यांतील शाळांनी वर्षातून एक सहल माळावर न्यावी, पिलांच्या काळात बिळांपासून लांब राहूनच. आणि त्या दिवशी शिकवायला वनरक्षकाबरोबर जवळच्या वाड्यावरच्या एखाद्या जाणत्या मेंढपाळालाही रीतसर निमंत्रण द्यावे, आणि बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्याला शाळा जे मानधन देते तेच त्यालाही द्यावे.